दाताला हात लावू द्यायचा नाही

आमच्या बाई माणसाचं नाव विसरायच्या, पण दात विसरायच्या नाहीत. मी कंपनीत लागले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, ते लगेच वाऱ्यावर सोडून दिलं आणि म्हणाल्या, "आ कर बघू." मला वाटलं, औषधांची कंपनी आहे, असेल काहीतरी नियम. मी मुकाट्यानं तोंड उघडलं. त्यांनी माझी हनुवटी धरून मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, गुरांच्या बाजारात बैलाचे बघतात तसे माझे दात बघितले आणि विचारलं, "गोड फार खातेस?"

"नुकतंच लग्न झालंय," मी म्हणाले. "जिथं जाईन तिथं हातावर काहीतरी ठेवतात."

"मग खाऊन झालं की चूळ भरत जा. उजवीकडची वरची दाढ काळी पडायला लागलीय."

त्यानंतर कितीतरी महिने मी त्यांच्या लेखी "ती काळ्या दाढेची" होते. माझ्या शेजारी बसणारी "फटीची" होती आणि तिच्या पलीकडची "दातावर दात". नवीन आलेल्या साहेबांनासुद्धा त्या "पिवळे" म्हणायच्या, आणि साहेब चहा कमी करीपर्यंत ते नाव काही बदललं नाही.

पिंपरीच्या ज्या कंपनीत आम्ही होतो तिथं इंजेक्शनची औषधं तयार व्हायची, मुख्य म्हणजे पेनिसिलिन. आमचा तपासणीचा हॉल सगळा बायकांचा. समोर एक दिवा, त्यामागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पडदा. हातात बाटली घ्यायची, उजेडात फिरवायची, पांढऱ्या पावडरीत काळा कण नाही ना, काचेला तडा नाही ना, बूच नीट बसलंय ना, एवढं बघायचं आणि पुढची उचलायची. भोंगा होईपर्यंत हेच. डोळे चुरचुरायचे, मान भरून यायची. बाई आमच्या सुपरवायझर. उंच, किडकिडीत, पाठीचा कणा असा ताठ की कुणी मागून पट्टी लावलीय की काय असं वाटावं. वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बंद आणि कोपरापर्यंत हातांचा ब्लाउज. अंगाला लवंगेचा वास. आणि दात मात्र सोललेल्या लसणीच्या पाकळ्यांसारखे स्वच्छ, एकसारखे. हसताना त्या ते लपवायच्या नाहीत. एवढी मेहनत घेतल्यावर का लपवावेत?

मेहनत म्हणजे काय, ते आम्ही कॅन्टीनमध्ये रोज बघायचो. डब्याबरोबर मिठाच्या पाण्याची एक बाटली असायची. भाकरी खाल्ली की चूळ. चहा प्यायला की चूळ. शेंगदाणे तोंडात टाकले तरी चूळ, आणि तीही अशी खळखळून की बेसिनपाशी रांग लागायची. दिवाळीला कंपनीकडून मिठाईचा पुडा मिळायचा, तो त्या फाटकातच वॉचमनच्या हातात द्यायच्या. रविवारी सकाळी पवनेच्या काठानं हिंडून बाभळीच्या कोवळ्या काड्या तोडून आणायच्या आणि सोमवारी आम्हाला जुडी जुडी वाटायच्या. वर उपदेश ठरलेला. "तोंड म्हणजे गावाची वेस. चोर शिरला तर तिथूनच शिरतो. वेस राखा, गाव आपोआप राहतं."

आम्ही माना डोलवायचो आणि त्या वळल्या की हसायचो. एवढ्या हुशार, नीटनेटक्या बाईला दातांचंच वेड का लागावं, हे कुणालाच कळत नव्हतं.

त्यांचं खरं युद्ध चालायचं ते निघोज्याच्या मावशींशी. मावशी बाटल्या धुण्याच्या खात्यात. पहाटे गावाहून एसटी पकडून यायच्या, वयानं बाईंच्या आईएवढ्या, आणि मशेरीशिवाय त्यांचा हात चालत नसे. जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे बसून, डोळे मिटून, बोटानं मशेरी लावत बसायच्या. तेवढ्यात मागून बाई हजर.

"मावशी, थुंका ते."

"का म्हून? तुज्या बापाची हाय का मशेरी?"

"हिरड्या बघा, काळ्याठिक्कर पडल्यात."

"काळ्या तर काळ्या. आमी काय नाटकात जानार हाय?"

बाई पुडी काढून घ्यायच्या. मावशी दुसरी काढायच्या. मावशींच्या अंगावर पुड्या नेमक्या किती आणि कुठं कुठं असतात, याचा पत्ता बाईंना शेवटपर्यंत लागला नाही. पण एखाद्या दिवशी मावशींची एसटी चुकली की बाई दर थोड्या वेळानं धुण्याच्या खात्यात डोकावून यायच्या, आणि बाईंची रजा असली की मावशी मला विचारायच्या, "आज ती दातवाली दिसंना ती?"

माझ्या धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमच्याकडून कुणीतरी शिकलीसवरलेली बाई बसावी म्हणून सासूबाईंनी आमच्या बाईंना बोलावलं. मी नको नको म्हणत होते. मुलगा भोसरीचा, एका कारखान्यात फिटर. मुलीची नेहमीची परीक्षा सुरू झाली. चालून दाखव, नाव लिहून दाखव, सुपारी कातर. बाई गप्प बसून बघत होत्या. चहा झाला, पाहुणे उठायच्या बेतात आले, आणि बाई म्हणाल्या, "मुलीचं सगळं बघून झालं. आता मुलानं जरा आ करावा."

माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा माझ्याकडे असं बघायला लागला की जणू ही बाई मीच जन्माला घातलीय. मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे तोंड उघडावं. मुलगी काय नुसता पगार घेऊन नांदणार आहे?"

बिचारा मुलगा. वडिलांकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि उठून उंबऱ्याशी, उजेडात जाऊन उभा राहिला. बाईंनी सावकाश तपासलं. "तंबाखू नाही. कीड नाही. हसण्यासारखे आहेत," त्या माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या. "द्या मुलगी." ह्यावर मुलाचे वडील जे हसत सुटले ते हसतच बैठक ठरवून गेले. नणंद अजून सांगते, "आमच्या ह्यांना लग्नाआधी नीट बघितलं ते तुझ्या बाईंनी, मी नव्हे."

त्या दिवशी बाईंना घरी सोडायला गेले तेव्हा वाटेत मी विचारलं, "बाई, तुमचं का नाही जमवलं कुणी?" मी तोंडाची अशीच, मनात आलं की बाहेर. बाई चालत राहिल्या आणि म्हणाल्या, "आलं होतं जमत. आईनं खरं सांगितलं. मग नाही जमलं." खरं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांचा चेहरा बघून मीही पुढं रेटलं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला उलगडत नव्हती. आत जंतू नसलेल्या खोलीत, जिथं बाटल्यांत औषध भरतात तिथं, सुपरवायझर म्हणून जायला बाईंना दोनदा विचारलं गेलं. ती मोठी बढती होती, लोक तिच्यासाठी जिवाचं रान करायचे. पण तिथं जायचं तर आधी सगळ्या बायकांनी एकाच खोलीत कपडे उतरवून, अंघोळ करून कंपनीचे कपडे चढवायचे असत. बाईंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला आणि वर सरकलेल्या ब्लाउजखाली, बगलेच्या बाजूला, मला एक जुना, पांढुरका वण दिसला. "लहानपणी भाजलं होतं," त्या चटकन म्हणाल्या. असेल, मी म्हटलं. पण भाजल्याचा डाग पसरतो, हा आखल्यासारखा सरळ गेला होता.

आणि मग, ज्या बाईनं जगाचे दात राखले, तिचीच दाढ किडली. दैवाला अशा चेष्टा बऱ्या सुचतात. डाव्या बाजूला, सुळ्यापासून दुसरी, हसल्यावर दिसेल अशी. आधी त्या एका बाजूनं जेवायला लागल्या, मग जेवेनाशा झाल्या, मग गाल सुजला. लवंगेचं तेल झालं, हळद झाली, तुरटी झाली. आम्ही सगळ्या मागे लागलो की बाई, स्टेशनजवळ दातांचे डॉक्टर आहेत, काढून टाका. बाई मान हलवायच्या. शेवटी मावशी आल्या, बाईंच्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वडून टाक की गं बाये. दात हाय, काळीज न्हाई."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तेच तर आहे, मावशी," त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

काही दिवसांनी सूज आतल्या आत फुटली आणि उतरली. बाई विजयी मुद्रेनं हॉलमध्ये आल्या. "बघा. हात न लावता बरी झाली." त्या दिवशी त्यांनी चक्क दोन वेळा चहा घेतला.

त्यानंतर त्यांना संध्याकाळचा ताप यायला लागला. सकाळी उतरायचा, शिफ्ट संपता संपता चढायचा. चिंचवडच्या डॉक्टरांनी विषमज्वराचं औषध दिलं, मग मलेरियाचं. काड्या आणायला जाणं सुटलं. जिना चढताना मधेच थांबायला लागल्या. मूळच्याच बारीक, त्यात हाडं दिसायला लागली. एके दिवशी आल्याच नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, म्हणून मी शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या खोलीवर गेले.

चिंचवड स्टेशनच्या मागे एका खोलीत त्या आणि त्यांची आई राहायच्या. आई म्हणजे मूठभर बाई, मूळची कोकणातली, उभा जन्म परळच्या चाळीत काढलेली, नवरा गेल्यावर लेकीच्या नोकरीमागे इथं आलेली. बाई कॉटवर ग्लानीत होत्या. आई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि मला बघून रडायलाच लागली.

"लहानपणी काळजाला टाका घातलाय गो हिच्या. तो तर नाय ना उसवला?"

मग एकेक बाहेर आलं. मूल पोटात असताना काळजापाशी एक नळी उघडी असते आणि जन्मल्यावर ती आपसूक मिटते. हिची मिटलीच नाही. धावली की धाप, सारखा खोकला, अंगाला काही लागेना. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी बगलेखालून छाती उघडून ती नळी बांधली. तेव्हा असं ऑपरेशन होऊन जगलेलं पोर म्हणजे नवल. आख्खी चाळ बघायला लोटली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी इंग्रजीत बरंच काही सांगितलं, नर्सनं भराभर मराठीत सांगितलं. आईच्या एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात जिवंत पोर. तिनं त्यातलं एक नीट ध्यानात ठेवलं. "दाताला हात लावू द्यायचा नाय. दाताची शीर काळजाला जाते. हात लागला की टाका सुटेल." दात काढला की दृष्टी जाते असं म्हणणारी माणसं आमच्या गावाकडेही होती, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. आईनं ते वाक्य लेकीला रोज रात्री देवाच्या श्लोकासारखं म्हणायला लावलं होतं. दाताला हात लावू द्यायचा नाही, म्हणजे दात किडूच द्यायचा नाही. बाईंचं सगळं वेड मला त्या एका खोलीत उलगडलं, आणि इतक्या वर्षांच्या हसण्याची मला भडभडून लाज वाटली.

एवढ्यात बाई जाग्या झाल्या. मला बघून त्यांना सगळं समजलं. "कंपनीत बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "नोकरीला लागताना मी सांगितलं नव्हतं. कळलं तर अनफिट करतील. मग हिला घेऊन कुठं जाऊ?"

मला संताप आला. "आणि मेलात म्हणजे फिट राहाल होय?"

आई मधेच म्हणाली, "तिच्यावर नको ओरडू गो." पण दुसऱ्या दिवशी बाई रिक्षात बसल्या. अट एकच, कंपनीच्या दवाखान्यात तापाचं सांगायचं, बाकी अक्षर काढायचं नाही. आई हट्टानं बरोबर आली.

दवाखान्यात एक लेडी डॉक्टर होत्या, कामात चोख आणि स्वभावानं करड्या. लहानसहान तक्रार घेऊन गेलेली बाई त्यांच्यासमोर आपोआप बरी व्हायची. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, ब्लाउजवरूनच पुढून आवाज ऐकला आणि भुवया जवळ आणल्या.

"तापाच्या आधी काही दुखणं? गळू, सूज?"

"दाढ सुजली होती," मी म्हणाले. तेवढं सांगायला बंदी नव्हती.

"काढली?"

"छे हो!" बाईंची आई एकदम पुढं सरकली. इतका वेळ ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, पण हा तिच्या अभिमानाचा विषय होता. "दाताला हात लावून देत नाय आम्ही. डॉक्टरांनीच सांगून ठेवलंय तसं."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

आईनं जीभ चावली आणि लेकीकडे बघितलं. मी खाली फरशीकडे. बाई म्हणाल्या, "आई, तू बाहेर बाकावर बस जरा. मला कपडे काढायचेत."

आई गेल्यावर त्यांनी दार लोटलं, डॉक्टरांकडे पाठ केली आणि ब्लाउजचे हूक काढले. खांद्याच्या पात्यामागून निघून बगलेखालून पुढं छातीकडे वळलेला तो लांबलचक वण मी तेव्हा पुरता बघितला. वय वाढलं तसा तोही अंगाबरोबर ताणून वाढला होता.

"भाजल्याचा नाही हा, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "इथं ऐका."

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. पुढून, मागून, श्वास रोखायला लावून. मग त्यांनी स्वतः बाईंच्या पाठीवर पदर टाकला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. बांधलेली नळी पुन्हा थोडी मोकळी झालीय, असं त्यांना आवाजावरून वाटत होतं. दाढेतली घाण रक्तात उतरली असावी आणि काळजाच्या त्या दुरुस्त केलेल्या जागी जाऊन बसली असावी, म्हणून हा ताप.

"तुम्हाला सोडताना सांगितलं असणार," त्या म्हणाल्या. "दाताचं काहीही करायचं तर आधी पेनिसिलिन घ्यायचं. इंजेक्शन घेतल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही."

"घेतल्याशिवाय," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे काढायचा होता?"

"वेळेवर काढायला हवा होता."

मी बाईंच्या हातांकडे बघितलं. दिवसभर त्या हातांतून पेनिसिलिनच्याच बाटल्या जायच्या. मला वाटलं आता त्या रडतील. पण त्या विचारत होत्या, "मग मी बरी झाले नव्हते का, डॉक्टर? मला वाटलं, ते लहानपणी संपलं."

"बऱ्या झाला होतात. पण दरवर्षी जाऊन दाखवायला हवं होतं."

"कुणाला? थोडी मोठी झाल्यावर गेले होते एकदा. मुलांच्या वॉर्डात म्हणाले, तू आता मोठी झालीस. मोठ्यांच्या वॉर्डात म्हणाले, तुला तर काहीच झालेलं नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "लपवलंत ते चुकलं," एवढंच म्हणाल्या.

"मी अनफिट?"

"आत्ता आहात. पुढचं पुढं बघू."

बाईंनी हूक लावले, पदर सारखा केला. दाराकडे जाता जाता थांबल्या आणि आम्हा दोघींकडे वळून, हॉलमध्ये सूचना द्यायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "हे दाताचं आईला कधीही सांगायचं नाही. तिनं इतकी वर्षं एक वाक्य जिवापाड सांभाळलंय. ते अर्धंच होतं हे कळलं तर ती माझ्याआधी जाईल. तिला सांगायचं, दाताला हात लावला नाही म्हणूनच वाचले."

बाहेर बाकावर आई पदराचं टोक चघळत बसली होती. आमच्या त्या करड्या डॉक्टर स्वतः तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार चांगलं राखलंत हो." त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, सगळं तोंडावर दिसत होतं. आईला मात्र काही दिसलं नाही. ती लहान मुलीसारखी खुलली.

पुढचे दोन महिने बाई पुण्याच्या इस्पितळात. ठरावीक वेळानं पेनिसिलिन, दिवसरात्र. दंड, मांड्या सगळं सुजलेलं. तरी नर्स बाटली घेऊन आली की ह्या म्हणायच्या, "दाखवा आधी." आणि निजल्या निजल्या ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवायच्या. कण नाही, तडा नाही, बूच नीट. मग दंड पुढं. "आपल्याच हॉलची आहे गं," त्या मला म्हणाल्या. "कदाचित तूच पास केलेली असशील." बाटली फिरवून ठेवताना ती पुढं कुणाच्या अंगात जाते, याचा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता.

मावशी निघोज्याहून दोन एसट्या बदलून बघायला आल्या. कॉटशी उभ्या राहिल्या आणि तोंड उघडून म्हणाल्या, "बघ. मशेरी सोडलीया. देवाला बोल्ली, ही बरी व्हऊ दे, तवर लावनार न्हाई."

"आणि बरी झाल्यावर?" बाईंनी विचारलं.

"मंग लावीन की! नवस हाय, वैर न्हाई."

बाई बऱ्या झाल्या. ताप उतरल्यावर तिथंच, इंजेक्शनं चालू असताना, त्यांच्या किडक्या दाढेवर आणि तिच्या शेजारणीवर शेवटी चिमटा चालला. काही महिन्यांनी मुंबईत ती नळी नव्यानं, पक्की बंद केली. कंपनीत बरीच खलबतं झाली. डॉक्टरांनी शिफारस केली की ह्यांना हलकं काम द्यावं. बाई मुळात बसूनच काम करायच्या, त्यामुळे हलकं काम म्हणजे आणखी काय, हे कुणाला समजलं नाही आणि त्या परत आपल्याच टेबलावर आल्या. आल्या त्या दिवशी मावशींनी टाकीमागे त्यांच्या देखत मशेरी लावली. बाई शेजारी बसून राहिल्या.

वर्षातून एकदा त्या मुंबईच्या इस्पितळात दाखवायला जायच्या, ठेवणीतली साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या. तिथं लहान लेकरं घेऊन आलेल्या आया बाकावर बसलेल्या असत. डॉक्टरांच्या खोलीतून एखादी बाहेर आली की ह्या तिला गाठायच्या. "काय सांगितलं? सगळं म्हणून दाखव. नाही, पूर्ण म्हण. अर्धं वाक्य घरी न्यायचं नाही." तिथल्या शिपायाला वाटायचं, ह्या कुणीतरी मोठ्या डॉक्टर आहेत. कंपनीतही त्यांचा 'आ कर' चालूच राहिला, फक्त आता आधी त्या स्वतःचं तोंड उघडून दाखवायच्या. "ही बघा खिंड. वेळेवर गेले असते तर एकीवर भागलं असतं."

घरी मात्र त्यांनी तोंड मिटलं. जिना चढून दारात आल्या की ओठ बंद. मी रविवारी जायचे तेव्हा बघायचे. उजव्या बाजूनं हळूहळू जेवायच्या. हसू आलं की पदर वर जायचा. जांभईसुद्धा खिडकीकडे वळून. ज्या बाईनं परक्या घरात नवऱ्या मुलाला आ करायला लावला, ती स्वतःच्या आईसमोर मोकळेपणानं हसेना. आई शेजारणींना सांगत बसायची, "एक दात पडू दिला नाय मी माज्या पोरीचा. म्हणून तर वाचली." आणि बाई तिच्यामागे उभ्या राहून मिटल्या ओठांनी मान डोलवायच्या.

एकदा आई मला म्हणाली, "हसत नाय गो हल्ली ही. काळजाचं काय राहिलंय काय अजून?" मी म्हणाले, "वय झालं आई. सुपरवायझर माणूस, फार हसून कसं चालेल?" माझ्यासारख्या फटकळ बाईनं आयुष्यात एवढं एकच खोटं नीट निभावलं असेल.

अशी कितीतरी वर्षं गेली. आई थकून, पिकून, लेकीच्या मांडीवर गेली. निरोप आला तशा मी आणि मावशी लगेच पोचलो. मावशी तोवर कंपनीतून निवृत्त झाल्या होत्या, काठी टेकत आल्या. बाई आईच्या उशाशी बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, बाईंचे ओठ काही उघडेनात. कुणी म्हणालं, रडू द्या तिला, धक्का बसलाय. मला ठाऊक होतं, धक्का नाही. आई अजून समोर होती.

माणसांनी तिला उचललं. बाई दारापर्यंत आल्या आणि तिथंच कठडा धरून, ओठ घट्ट आवळून उभ्या राहिल्या. माणसं बोळातून निघाली, पिठाच्या गिरणीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं, तोंड भरून आ केला आणि हंबरडा फोडला. कंपनीत आम्हा सगळ्यांना रोज दिसायची ती डावीकडची खिंड त्या घराच्या दारात पहिल्यांदाच उघडी पडली.